प्रश्न क्रमांक सतरा

काल शाळेबाहेर तू किती मिनिटं खेळलास?

नुसतं 'खेळलास' छापलं होतं मी.
'खेळलीस' विसरले,
एथिक्स कमिटीनं फॉर्म परत पाठवला,
त्यात सव्वा महिना गेला.

जनता वसाहतीच्या पायथ्याशी महापालिकेची शाळा.
ग्रंथालयात मला जागा दिलीय,
पुस्तकं कुलपात, खोली मोकळी.
वजनकाटा मांडते. पट्टी भिंतीला लावते.
चपला काढा म्हणावं लागत नाही, त्या आधीच दाराबाहेर.
खिसे रिकामे करा म्हटलं की टेबलावर येतात
एक गोटी, दोन चिंचोके,
कुणाच्या तरी मोबाइलचं निखळलेलं मागचं झाकण.
"हे पण वजनात धरतात का?"
नाही रे. ठेव तिथेच.
तो काट्यावर उभा असतो
आणि डोळा गोटीवर.

अल्फिया मुलाणी, सातवी ब.
नाव लिहायचं नसतं,
लिहायचं: ज-एकशे सतरा.
झोप?
"साडेबाराला झोपते, पाचला उठते.
अम्मी डब्यांच्या चपात्या करते, कणीक माझ्याकडे."
खेळ?
ती पंख्याकडे बघत राहते,
मनातल्या मनात हातचा घेतल्यासारखी.
"मी आणि सुमन टाकीपर्यंत शर्यत लावतो.
येताना नाही, जाताना.
हंडा रिकामा असतो ना तेव्हा.
हे धरायचं का?"
किती वेळ पण?
"पाणी येईपर्यंत."

दुपारी बालेवाडी.
गेटवर नाव, नंबर, फोटो, ओटीपी,
मग अकरावा मजला.
फ्रिजवर वेळापत्रक: पोहणं, अबॅकस, बॅडमिंटन,
रविवारी रोबोटिक्स.
"खेळतो की भरपूर," आई म्हणते, "पावत्या आहेत."
ती पाणी आणायला आत गेली
तसा ब-त्रेचाळीस माझ्या कानाशी आला.
"लिफ्टमध्ये एकटा असलो ना,
की ती थांबते त्याच क्षणी मी उडी मारतो.
पोट वर राहतं आणि मी खाली.
ते लिहिणार?"

घारपुरे मॅडम चष्मा कपाळावर सारतात.
"'पाणी येईपर्यंत'ला कोड काय देणार तू?"
मी गप्प.
"नव्याण्णव टाक."
नव्याण्णव म्हणजे उत्तर मिळालं नाही.
मिळालंय हो, मॅडम.
"मिनिटांत मिळालंय का?"

चौथं वर्ष आहे.
फेलोशिप गेल्या जुलैत संपली.
सांगलीहून बाबा दर रविवारी विचारतात,
"आता किती राहिलं?"
म्हणजे प्रबंध, की पैसे, की माझं वय, ते सांगत नाहीत.
मुलांच्या जीवनशैलीवर काम करते मी,
आणि स्वारगेटच्या सिग्नलला
अ‍ॅक्टिव्हाच्या डिकीवर कागद पसरून
जेवणाऐवजी पॅटिस खाते, रोज,
झोप चार तास चाळीस मिनिटं.
माझाच फॉर्म भरला एका रात्री गंमत म्हणून.
सतराव्याला पेन थांबलं.
नव्याण्णवही टाकवेना.

तक्ता तीनमध्ये नव्याण्णव एकसष्ट वेळा आला.
मी तक्त्याखाली एक चांदणी काढली,
बारीक अक्षरात लिहिलं:
काही मुलांनी वेळ सांगितली, ती मिनिटांत बसली नाही.
मॅडमनी लाल पेनानं ओळ खोडली.
पान उलटलं.
पुढची चार पानं वाचली, एक फोन घेतला,
कुठल्याशा मीटिंगला नाही म्हणाल्या,
मग पुन्हा मागे आल्या
आणि खोडलेल्या ओळीखाली टिंबं देत गेल्या,
एकेका शब्दाखाली.
"राहू दे," म्हणाल्या. "व्हायव्हात विचारतील मात्र."
विचारू देत.

विभागाच्या लिफ्टमध्ये त्या संध्याकाळी
मी एकटीच होते.
तीनच मजले.